शनिवारचे घर

आमच्या घरी शनिवारचा उपवास सर्वांना असे. आजोबांनी तो धरला होता म्हणून अण्णांनी धरला, आणि अण्णांनी धरला म्हणून आम्हा भावंडांनीही शाळेत असल्यापासून शनिवारी दुपारी साबुदाण्याची खिचडी किंवा भगर एवढ्यावर राहण्याची सवय लावून घेतली. आजोबा मारुतीचे भक्त होते, त्यामुळे या उपवासाला आणखी काही कारण असेल असे कोणाच्या मनात कधी आले नाही. ते कारण मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळले, आणि तेही देवाधर्माच्या बोलण्यातून नव्हे, तर कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना आमचे कुटुंब जी शिष्यवृत्ती देते तिच्या हिशेबाची चर्चा चालू असताना कळले.

आजोबा 1922 च्या सुमारास खानदेशातून इंदूरला शिकायला आले. वडील गेलेले, गावची जमीन भाऊबंदांकडे आणि इंदूरला एका दूरच्या मावशीच्या ओसरीवर झोपण्यापुरती जागा, एवढ्या आधारावर हा मुलगा होळकरांच्या राजधानीत उतरला. जेवणासाठी त्याने वार लावले. आजच्या वाचकांपैकी पुष्कळांना 'वार लावणे' म्हणजे काय हे सांगावे लागेल. गरीब विद्यार्थी आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायला जाई, आणि त्या दिवशी त्या घरी त्याचे पान मांडलेले असे. सोमवार वकिलांकडे, मंगळवार वैद्यांकडे, बुधवार संस्थानच्या एखाद्या कारकुनाकडे, अशी त्याची वाटणी ठरलेली असे. त्या जेवणात पक्वान्न नसे आणि पुष्कळदा मानही नसे. आजोबांनी काही घरांची आठवण कधीच आनंदाने काढली नाही. तरीही एक गोष्ट ते आवर्जून सांगत. मंगळवार म्हणजे मंगळवार. यजमान घरी असोत वा नसोत, घरात कार्य असो वा आजारपण असो, मंगळवारी अकरा वाजता वैद्यांच्या स्वयंपाकघरात त्यांचे पान असे, आणि त्या भरवशावर सोमवारी रात्री शांतपणे अभ्यास करता येई.

त्या वेळच्या इंदुरात शेतीच्या दृष्टीने एक फार मोठे काम उभे राहत होते. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था सुरू केली. होळकर दरबाराने तिला सुमारे 300 एकर जमीन दिली होती आणि खर्चाचा भार मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातली संस्थाने यांनी उचलला होता. माळव्याच्या काळ्या मातीतला कापूस हा तिचा मूळ विषय होता; पण जगाच्या लक्षात ती राहिली आहे ती खतामुळे. पिकांचा पालापाचोळा, तण, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर खड्ड्यात घालून, ते ठरावीक दिवसांनी उलथवून, साधारण तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इथे बसवली आणि 1931 मध्ये पुस्तकरूपाने मांडली. आजही जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या कठीण असतात, लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यांवर पसरून ठेवत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा झाला की मगच त्या खड्ड्याकडे नेत. ही युक्ती आजोबा इतक्या कौतुकाने सांगत की जणू तिच्यात त्यांचाही वाटा असावा.

वाटा होता तो निराळा. मॅट्रिक झाल्यावर 1929 मध्ये आजोबा या संस्थेत हाताखालचे मदतनीस म्हणून लागले, आणि काही वर्षे त्यांच्याकडे खड्ड्यांच्या तारखांची वही होती. कोणता खड्डा कोणत्या तिथीला भरला, पहिली उलथवणी पंधरवड्याने कधी यायची, दुसरी महिन्याने कधी, तिसरी दोन महिन्यांनी कधी, पाणी केव्हा शिंपायचे, हे सारे त्या वहीत टिपलेले असे. उलथवणी चार दिवस लांबली तर खड्ड्यात हवा खेळत नाही, माल आंबतो, वास सुटतो आणि माशा होतात. तीच उलथवणी वेळेवर झाली तर तोच माल मातीसारखा मोकळा आणि काळसर होऊन निघतो. माल तोच, मजूर तेच, खड्डा तोच, आणि फरक फक्त तारखेचा, असे ते म्हणत. एप्रिल 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले आणि त्यांनी ही संस्था पाहिली. हॉवर्ड तोपर्यंत निघून गेले होते. आजोबा त्या दिवशी वही हातात धरून रांगेत उभे होते, आणि कोणी विचारलेच तर प्रत्येक खड्ड्याचे वय सांगता यावे म्हणून त्यांनी ती आदल्या रात्री पाठ केली होती. विचारले कोणी नाही.

आजोबा, म्हणजे अण्णांचे नाना, 1994 मध्ये गेले. त्यांच्या नावाने काहीतरी करावे असे अण्णा, काका आणि आत्या या तिघांना वाटले, आणि 1996 मध्ये त्यांनी एक लाख रुपये जमवून मध्य प्रदेशातल्या एका कृषी महाविद्यालयात शिष्यवृत्ती सुरू केली. मुद्दल कायम ठेवायचे आणि व्याजातून दर वर्षी दोन विद्यार्थ्यांना रक्कम द्यायची, अशी रचना होती. त्या वर्षी लांब मुदतीच्या ठेवीवर 12 टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत असे. म्हणजे वर्षाला बारा हजार, आणि प्रत्येकी सहा हजार. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. वसतिगृहाच्या मेसचे बरेचसे वर्ष त्यात निघत असे. मी तेव्हा बँकेत नोकरीला होते, त्यामुळे ठेवीच्या पावत्या आणि हिशेबाची वही आपोआप माझ्याकडे आली आणि लग्नानंतरही माझ्याकडेच राहिली.

कौटुंबिक देणगीच्या निधीला काय रोग होतो, हे मला त्या वहीने शिकवले. 2004 पर्यंत व्याजाचे दर सहा टक्क्यांच्या आसपास घसरले. मुद्दल होते तेवढेच होते, पण त्यातून निघणारे पाणी निम्मे झाले, आणि मेसचे बिल मात्र या आठ वर्षांत दुपटीच्या पुढे गेले होते. कागदोपत्री शिष्यवृत्ती चालू होती. प्रत्यक्षात दोन विद्यार्थ्यांच्या जागी एकच उरला होता, आणि त्या एकाच्या हाती जे पडत होते त्यात वर्षाचा नव्हे, तर एका सत्राचाही खर्च भागत नव्हता. अशा किती शिष्यवृत्त्या आपल्याकडे आजही नावापुरत्या जिवंत असतील! पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणीतरी कळवळ्याने दिलेले पाच हजार रुपये, त्यावरचे तीन-चारशे रुपये व्याज, आणि ते घ्यायला येण्यासाठी विद्यार्थ्याला पडणारे बसचे भाडे. देणाऱ्याच्या भावनेचा त्यात अवमान होतो आणि घेणाऱ्याचाही.

जुन्या इंदुरातला आमचा वाडा विकला गेला तेव्हा, 2005 मध्ये, तिघा भावंडांनी आपापल्या हिश्श्यातून भर घालून मुद्दल चार लाखांपर्यंत नेले. त्याच वेळी मी एक नियम सुचवला आणि तो मान्य झाला: व्याजाचा चौथा हिस्सा दर वर्षी मुद्दलात परत घालायचा आणि उरलेले तीन हिस्सेच वाटायचे. काकांना हे प्रथम रुचले नाही. मुलांच्या तोंडचा घास आपण बँकेत ठेवतो आहोत असे त्यांना वाटले. तेव्हा आत्या म्हणाली, "अरे, नानांनी आयुष्यभर काय केलं? जमिनीतून काढलेलं तिला परत घालायचं, एवढंच ना?" हॉवर्ड यांच्या साऱ्या लेखनाचा गाभा तोच आहे, शेतीने जमिनीतून जे उचलले ते कुजवून पुन्हा जमिनीला द्यावे, नाहीतर ती निकस होते. काका हसले आणि त्यांनी सही केली.

त्या दुरुस्तीने निधी सावरला. दहा वर्षांत तीन विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा हजार रुपये देण्याइतका तो झाला. 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर महाविद्यालयाच्या छोट्याशा कार्यक्रमात अण्णांच्या हस्ते धनादेश दिले जात. पहिल्या वर्षाच्या निकालात वरचे क्रमांक मिळवणाऱ्या तिघांची नावे महाविद्यालय कळवी. अण्णा त्या दिवशी आजोबांचा बंद गळ्याचा कोट घालत. मी दर वर्षी त्यांच्याबरोबर जात असे, आणि आपण काही चांगले करीत आहोत याविषयी माझ्या मनात किंचितही शंका नव्हती.

जानेवारी 2015 च्या कार्यक्रमानंतर आठवडाभराने त्या तिघांतली एक मुलगी राजेंद्रनगरात आमच्या घरी आली. ती बडवानी जिल्ह्यातली, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी होती; घरी चार एकर जमीन, त्यात कापूस आणि मका. आभार मानायला म्हणून आली होती आणि आईने दिलेले शेंगदाण्याचे गाठोडे तिने सोबत आणले होते. चहा घेताना मी सहज विचारले की पैशाचे काय केले. तिने सांगितले की कडी सोडवून आणली. मला अर्थ लागेना, तेव्हा तिने नीट सांगितले. जुलैमध्ये फी, वसतिगृहाची अनामत आणि मेसचा आगाऊ हप्ता मिळून बारा हजार रुपये एकदम भरायचे होते. त्याच महिन्यात वडिलांनी कापसाचे बियाणे आणि खत उधारीवर उचललेले होते, त्यामुळे दुकानदार आणखी काही देईना. आईच्या पायातली चांदीची कडी गहाण ठेवून शेकडा तीन रुपये महिना दराने बारा हजार आणले. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचून विकला, त्यात दुकानदाराची उधारी फिटली, पण कडी राहिली. आमचे दहा हजार मिळाल्यावर त्यात घरचे घालून ती सोडवली.

ती गेल्यावर मी वही उघडली. बारा हजारांवर शेकडा तीन म्हणजे महिना तीनशे साठ, सहा महिन्यांचे दोन हजार एकशे साठ. आमच्या शिष्यवृत्तीच्या दर पाच रुपयांतला एक रुपया, खरे म्हणजे त्याहून थोडा अधिक, सावकाराच्या पेढीवर गेला होता. हे दहा हजार जानेवारीऐवजी जुलैत दिले असते तर गहाण टाकायची रक्कम दोन हजारांवर आली असती, आणि कदाचित ते दोन हजार शेजारीपाजारीच मिळाले असते. म्हणजे आमचे पैसे कमी नव्हते. ते उशिरा पोचत होते, आणि दर वर्षी तितकेच उशिरा पोचत होते, कारण तशी अट आम्हीच घातली होती. महाविद्यालयाच्या कार्यालयाचा त्यात काही दोष नव्हता. निकालाच्या क्रमवारीनुसार द्यावे असे आमच्या पत्रात लिहिले होते. निकाल लागून, फेरतपासणी होऊन, यादी पक्की व्हायला हिवाळा उजाडे, आणि मग 26 जानेवारीचा मुहूर्त सोयीचा ठरे. सोयीचा आम्हाला.

शेतकऱ्याच्या घरातले वर्ष आणि महाविद्यालयाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट शेतीत जन्मलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. पण बँकेच्या काउंटरमागे इतकी वर्षे बसलेल्या मला ती त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. जून-जुलै हा शेतकऱ्याच्या खिशाचा सर्वांत रिकामा काळ असतो. माळव्यात साधारण चार इंच पाऊस होऊन जमीन भिजली की सोयाबीन पेरायचे असते. बियाणे, खत, तणनाशक, बैल किंवा ट्रॅक्टर आणि मजुरी या सगळ्याला पंधरा दिवसांत रोख लागते. मागच्या रब्बीतल्या गव्हाचे आणि हरभऱ्याचे पैसे तोवर जुन्या देण्यात आणि लग्नकार्यात गेलेले असतात. पुढचे पैसे सोयाबीन कापून मंडीत गेल्यावर, दसरा-दिवाळीच्या आगेमागे. नेमक्या या दोन टोकांच्या मधल्या पोकळीत मुलाच्या प्रवेशाचा महिना येतो. पगारदाराच्या घरी जुलै हा बारांपैकी एक महिना असतो, पण शेतकऱ्याच्या घरी त्या महिन्यात मुलाची फी आणि बियाण्याची पिशवी यांतून एकाची निवड करावी लागते. आणि आपण शिष्यवृत्ती देत होतो ती शेतीच्या विद्यार्थ्यांना!

आपल्या शेतकऱ्यांकडे 'वापसा' हा फार नेमका शब्द आहे. पावसानंतर काळी जमीन चिकट असते तेव्हा तिच्यात पेरणीची पाभर चालत नाही, आणि पार वाळली की ढेकळे निघतात; या दोहोंच्या मध्ये ओल आणि हवा दोन्ही योग्य असण्याचे जे दोन-चार दिवस येतात तो वापसा. त्या दिवसांत पेरलेले बी उगवते. मागाहून कितीही उत्तम बियाणे आणले तरी ते दिवस परत येत नाहीत. आजोबा खड्ड्याच्या उलथवणीबद्दल जे सांगत आले ते हेच होते, आणि त्यांच्याच नावाच्या शिष्यवृत्तीत आम्ही ते विसरलो होतो.

मार्चमध्ये मी सर्वांना एकत्र बोलावले आणि दोन सूचना मांडल्या. पहिली, रक्कम जुलैच्या पहिल्या आठवड्यात द्यावी. दुसरी, निकालातल्या पहिल्या तीन क्रमांकांची अट काढावी. कोणताही विषय मागे न राहिलेल्या विद्यार्थ्यांतून वसतिगृहाचे अधीक्षक आणि दोन शिक्षक मिळून गरज पाहून नावे ठरवतील. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग गुणवत्तेचं काय? नाना स्वतः वर्गात पहिले येत. त्यांच्या नावाचं काही द्यायचं ते हुशारीलाच द्यायचं."

त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. आपल्याकडे गुणांच्या मानाची मोठी परंपरा आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवणे हा कित्येक पिढ्यांना जन्माचा अभिमान वाटत आला. पण मी अण्णांना म्हटले की ते बक्षीस आहे. बक्षीस मागे वळून पाहते. झालेल्या अभ्यासाचे कौतुक करते. शिष्यवृत्ती या शब्दात 'वृत्ती' म्हणजे उपजीविका आहे, शिष्याने शिकत असताना जगायचे कसे याची तजवीज आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी जी शिष्यवृत्ती दिली ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती, तीन वर्षांसाठी. दर महिन्याला येणाऱ्या त्या रकमेवर न्यूयॉर्कमधले शिक्षण उभे राहिले. आणि त्याच शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले, हेही तितकेच खरे आहे. तो अभ्यास पुन्हा हाती घ्यायला त्यांना 1920 उजाडावे लागले. एवढ्या असामान्य बुद्धीच्या माणसाचाही मार्ग पैशाच्या तारखेने अडवला. मग चार एकरांवरच्या मुलीचे काय?

अण्णा काही बोलले नाहीत. त्या वेळी आत्या, जी तोवर कोपऱ्यात बसून वाती वळत होती, ती म्हणाली, "दादा, नानांचा शनिवार कशाचा होता, ते तुला ठाऊक आहे का?"

अण्णांना ठाऊक नव्हते. आजोबांनी ते कोणत्याही मुलाला सांगितले नव्हते. शेवटच्या आजारात रात्री उशाशी बसणाऱ्या मुलीला तेवढे सांगितले. इंदूरला आल्यावर त्यांना सहा घरे मिळाली. सातवे घर मिळालेच नाही. शनिवारी कुठेच पान नसे. मावशीला ते कळू नये आणि वर्गातल्या मुलांनी विचारू नये म्हणून त्यांनी सांगून टाकले की आपला मारुतीचा उपवास असतो. मॅट्रिक होईपर्यंत तो उपवास निभावला. नोकरी लागली, स्वतःचे घर झाले, अन्नाला कमी राहिले नाही, तरी शनिवारी दुपारी पानावर बसणे त्यांना जमेना. आत्याने हे सारे वाती वळता वळता, एका सुरात सांगितले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला तेवढाच आवाज. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जुलैतच द्या."

वाराविषयी मी इतक्या आपुलकीने लिहिते आहे, त्यामुळे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ती घरे सर्वांसाठी उघडी नव्हती. कोणत्या जातीच्या मुलाचे पान कुठे मांडायचे हे ठरलेले होते, आणि ज्यांना अशी सहा घरेही मिळाली नसती अशा मुलांसाठी कोल्हापुरात शाहू महाराजांना 1901 पासून वसतिगृहे उभारावी लागली, साताऱ्यात भाऊराव पाटलांना 1924 मध्ये बोर्डिंग काढावे लागले. आमच्या 1996 च्या पत्रातही एक ओळ होती: 'शक्यतो मराठीभाषक विद्यार्थ्यास प्राधान्य'. इंदुरात पिढ्यान्पिढ्या राहून आपली माणसे, आपली भाषा जपावी या प्रेमातून ती ओळ आली होती हे मला माहीत आहे, आणि ते प्रेम मलाही आहे. पण बडवानी, झाबुआ, खरगोन इथून येणाऱ्या भिल्ल-भिलाला मुलांपुढे ती ओळ बंद दारासारखी उभी होती. त्याच बैठकीत आम्ही ती काढून टाकली. माझ्या मते त्या दिवसाचा तो सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता.

जुलैत देणे मात्र म्हणावे तितके सोपे निघाले नाही. जानेवारीत त्या वर्षीची रक्कम दिलेली होती, आणि पुढचे व्याज 31 मार्च 2016 शिवाय पुरते हाती येणार नव्हते. वर्षाअखेरी मिळणाऱ्या व्याजावर चालणारी शिष्यवृत्ती स्वभावतःच उशिरा धावते. ही अडचण व्याजाने सुटत नाही. कोणीतरी एकदाच एक वर्षाचा खर्च आगाऊ घालावा लागतो आणि मग गाडी कायमची एक वर्ष पुढे राहते. भाऊ, चुलतभाऊ आणि मी अशा तिघांनी प्रत्येकी दहा हजार घातले, जुलै 2015 ची रक्कम त्यातून दिली, आणि तेव्हापासून मागच्या वर्षीचे व्याज या वर्षीच्या जुलैत जाते. ज्यांच्याकडे अशी घरची एखादी शिष्यवृत्ती असेल त्यांनी हे एवढे अवश्य करावे. यात लागणारा पैसा थोडा आहे, आणि त्याचा उपयोग मुद्दल दुप्पट करण्याहून मोठा आहे.

26 जानेवारीचा कार्यक्रम बंद झाला. अण्णांना त्याचे वाईट वाटले असावे. कोट कपाटात राहिला. परंतु त्या जुलैत अधीक्षकांचा फोन आला आणि तीन मुलांची अनामत भरल्याचे त्यांनी कळवले, तेव्हा अण्णांनी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला. पुढची चार वर्षे, ते होते तोवर, दर जुलैत तो गोल होत असे.

रक्कम किती असावी हे आता आम्ही ठरवत नाही. निवड झालेल्या विद्यार्थ्याने सत्रभराच्या खर्चाचा कागद स्वतःच्या हाताने लिहून द्यायचा असतो. हे कागद वाचताना शेतीचे शिक्षण कसे असते ते मला कळत गेले: कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी किड्यांची पेटी आणि टाचण्या, तणांचे नमुने चिकटवायची वही, शेतावर घालायचे गमबूट, प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या, शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात राहायला जायचे तेव्हाचे भाडे आणि भांडी. एका मुलाने 'किड्यांची पेटी' यापुढे लिहिले होते, 'मोठ्या भावाच्या वर्गमित्राची मिळाली, खर्च नाही'. या कागदांनी शिकवले तितके मला कोणत्याही अहवालाने शिकवले नाही.

गेल्या वर्षी धार जिल्ह्यातल्या एका मुलाचा कागद आला. अक्षर टपोरे, रकमा एकाखाली एक नीट. मेसचे महिन्याचे बिल लिहून झाल्यावर त्याने खाली स्वतंत्र ओळ केली होती: 'रविवार रात्र, 50 रुपये, चार वेळा'. मी अधीक्षकांना विचारले. ते म्हणाले की रविवारी संध्याकाळी स्वयंपाक्यांना सुट्टी असते, त्यामुळे मेस बंद राहते. अशी सुट्टी बहुतेक सगळ्याच वसतिगृहांत असते. मुले बाहेर खातात. ज्यांना ते जमत नाही ती दुपारच्या दोन पोळ्या खोलीत नेऊन ठेवतात, किंवा भूक नाही म्हणून सांगतात.

मी वही काढली. सत्राचे महिने पाच, महिन्याला रविवार चार, दर रविवारी पन्नास रुपये. त्या वर्षीच्या तिन्ही मुलांच्या नावांपुढे एक-एक हजार रुपये वाढवून लिहिले, रकमेपुढे 'रविवार' असा शेरा घातला, आणि पैसे पाठवायच्या रकान्यात 1 जुलै ही तारीख टाकली.